मानेतली गाठ आणि बारीक सुई

गेल्या पावसाळ्यात रावेरची माझी आत्या मुलीला घेऊन आमच्याकडे बऱ्हाणपुरास आली. मुलीच्या मानेवर उजव्या बाजूस आवळ्याएवढी गाठ. दुखत नव्हती, संध्याकाळी थोडी कणकण येई. लेप, गोळ्या यांत दोन महिने गेले होते. इथल्या डॉक्टरांनी सुईची तपासणी सांगताच आत्या वडिलांना म्हणाली, "दादा, सुई लागली की गाठ चिघळते. पोरीचं लग्न व्हायचंय अजून." मी पडलो वाणिज्य शाखेचा, त्या तपासणीचे 'एफएनएसी' हे नावही मला नवे होते. पुढे विचारून, वाचून जे समजले ते येथे देतो.

पायात काटा मोडून पिकला की जांघेत अवधाण येते, हे आपणांस ठाऊक आहेच. अवधाण म्हणजे सुजलेली लसिकाग्रंथी. अशा शेकडो ग्रंथी शरीरात पहारेकऱ्यांसारख्या बसलेल्या असतात. दात किडला, घसा आला तर मानेतल्या सुजतात व कारण दूर झाले की ओसरतात. पण दोन आठवडे उलटूनही गाठ राहिली तर शोध घ्यावा. आपल्या देशात अशा गाठीमागे पुष्कळदा क्षय निघतो. जुनी माणसे हिलाच गंडमाळा म्हणत. कधी कर्करोगही निघतो. तंबाखू-गुटख्याने तोंडात झालेला रोग मानेतल्या ग्रंथींत उतरतो. नुसत्या हाताला या गाठी सारख्याच लागू शकतात, उपचार मात्र अगदी निराळे.

म्हणून सुई. ती रक्त काढावयाच्या सुईहून जाड नसते. बहुधा भूलही लागत नाही. डॉक्टर गाठ दोन बोटांत धरतात, सुई आत घालून थोडी मागेपुढे करतात आणि पिचकारीने ओढ देतात. येतो तो जेमतेम एक थेंब. तो काचपट्टीवर पसरून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. १९३० साली न्यूयॉर्कच्या मार्टिन व एलिस यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली, तेव्हा सुई जाड होती. बारीक सुई रूढ केली ती पुढे स्वीडनच्या डॉक्टरांनी. क्षय असल्यास विशिष्ट पेशींचे पुंजके आणि दह्यासारखा मृत भाग दिसतो, कधी खुद्द जंतूच लाल काड्यांसारखे दिसतात. त्याच द्रवावर जीन एक्स्पर्ट यंत्राने क्षयाच्या एका मुख्य औषधाला जंतू दाद देतील की नाही, हेही कळते.

आमच्या भाषेत सांगायचे तर हे हिशेबतपासनिसाचे 'टेस्ट चेकिंग' आहे. चार व्हाउचरे बरोबर निघाली म्हणून सारी वही बिनचूक ठरत नाही. सुई रोगट भागाला चुकवू शकते. तेव्हा 'काही आढळले नाही' असा अहवाल येऊनही गाठ तशीच राहिली तर पुन्हा तपासावे. लसिकाग्रंथीच्याच कर्करोगाचा संशय असल्यास बहुधा अख्खी गाठ काढून पाहावी लागते.

आता आत्याची भीती. क्षयाची गाठ चिरली तर जखम महिनोन्‌महिने वाहू शकते. माझ्या मते भीती तिथून आली असावी. बारीक सुईने तसे होणे फार विरळा.

अहवालात क्षय निघाला. फुप्फुसे स्वच्छ होती, त्यामुळे घरात कोणाला लागण होण्याची धास्ती नव्हती. सरकारी दवाखान्यातून सहा महिन्यांची औषधे फुकट मिळाली. दुसऱ्या महिन्यात शेजारी आणखी एक गाठ उठली, तेव्हा आत्या औषध बंद करायला निघाली होती. उपचार लागू पडत असतानाही असे होते, हे डॉक्टरांनी तिला दोनदा समजावले. आता वाटाण्याएवढी गाठ उरली आहे. आत्या रोज चाचपून पाहते.