सॉल्ट लेकवरच्या हवेचा ताप अवकाशातून
कोलकात्याच्या सॉल्ट लेकवरून ध्रुवीय कक्षेतले हवामान उपग्रह रोज जातात. त्यांच्याकडे थर्मामीटर नाही! हवेतला ऑक्सिजन ५० ते ६० गिगाहर्ट्झच्या आसपास क्षीण सूक्ष्मलहरी सोडतो. हवा जितकी गरम, तितक्या त्या तीव्र. वारंवारता बदलली की वेगळ्या उंचीचा थर कळतो. ढगांचा अडथळा कमी, म्हणून इथल्या भर पावसाळ्यातही मोजणी चालू राहते.

अशा मोजणीची जगभरची नोंद १९७८ च्या अखेरीपासूनची. १९९० मध्ये स्पेन्सर आणि क्रिस्टी या संशोधकांनी तिच्यातून जागतिक कल काढला, तेव्हा तापमानवाढ दिसलीच नाही. पुढे १९९८ मध्ये वेन्ट्झ आणि शाबेल या संशोधकांनी एक कारण दाखवलं: विरळ हवेच्या घर्षणानं उपग्रह हळूहळू खाली येत होते, आणि आकड्यांत खोटा गारवा शिरत होता. मला ही दुरुस्ती फार मोलाची वाटते. दुरुस्त आकड्यांत खालच्या वातावरणाची वाढ स्पष्ट दिसते.