साखर तंत्रज्ञांची परिषद आणि एक दशांश टक्का

कोल्हापूर परिसरातल्या कोणत्याही शाळेत मुलांना विचारून पाहावे, "साखर कारखाना वर्षातून किती महिने चालतो?" दसरा-दिवाळीच्या सुमारास गव्हाणीत मोळी पडते आणि होळी-पाडव्याच्या आगेमागे पट्टा पडतो, हे बहुतेकांना माहीत असते. पण "मग उरलेले महिने कारखान्यातले रसायनतज्ज्ञ आणि अभियंते काय करतात?" असे विचारले की वर्ग गप्प होतो. ते यंत्रे उघडून दुरुस्त करतात, हे अर्धे उत्तर झाले. उरलेले अर्धे असे की, ते एकत्र जमतात, निबंध वाचतात आणि आपापल्या कारखान्याचे आकडे एकमेकांशी ताडून पाहतात.

अशा जमण्याला आता मोठी परंपरा आहे. ऊस तंत्रज्ञांची आंतरराष्ट्रीय संस्था १९२४ साली होनोलुलू येथे स्थापन झाली. भारतातल्या साखर तंत्रज्ञांची संघटना १९२५ ची. १९३२ साली साखर उद्योगाला आयातकराचे संरक्षण मिळाले, देशात भराभर कारखाने उभे राहिले आणि १९३६ साली दख्खनमधल्या तंत्रज्ञांची स्वतंत्र संस्था निघाली. हीच पुण्याची डेक्कन शुगर टेक्नॉलॉजिस्ट्स असोसिएशन. पहिल्या दोन संस्थांची शंभर वर्षे २०२४ आणि २०२५ मध्ये भरली. तिसरीची नव्वद वर्षे २०२६ मध्ये भरतात.

वर्धापन म्हटले की सत्कार, स्मरणिका आणि भाषणे आलीच. पण समजा, अशी एखादी वर्धापन परिषद कोल्हापुरात भरवायची आहे आणि आराखडा आपल्याला करायचा आहे. ती कधी घ्यावी? विषयपत्रिकेवर काय असावे? या दोन प्रश्नांची उत्तरे शोधताना साखरेचे बरेचसे विज्ञान आपोआप उलगडते.

तारीख कशी ठरवावी?

गाळप हंगामात परिषद घेणे अशक्य. बॉयलर पेटला की कारखाना रात्रंदिवस चालतो. मुख्य रसायनतज्ज्ञाला दोन दिवसांची रजा मिळणे कठीण. हंगाम संपल्यावर दोन-तीन महिने गिरण्यांचे रोलर, नळ्या, पंप यांच्या दुरुस्तीत जातात. जुलै-ऑगस्टमध्ये थोडी उसंत मिळते, पण तेव्हा कोल्हापुरात पंचगंगेचे भय असते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर पाणी आले आणि वाहतूक कित्येक दिवस बंद राहिली. जुलै २०२१ मध्ये तसेच घडले. पुढे गणेशोत्सव येतो. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला एवढी गर्दी होते की पाहुण्यांना खोली मिळायची नाही. आणि दसऱ्यानंतर बॉयलरचे अग्निप्रदीपन. उरतो तो अनंत चतुर्दशी ते घटस्थापना हा पंधरवडा. तो पितृपंधरवडा असल्याने लग्नमुंजी नसतात, सभागृहेही मोकळी असतात. उसाचे पीक, नदी आणि पंचांग अशा तिन्ही वेळापत्रकांतून वाट काढून तारीख ठरते.

पहिले सत्र : तोडणीनंतरचे घड्याळ

लोखंडाचे खनिज खाणीतून काढून महिनाभर ठेवले तरी त्यातले लोखंड कमी होत नाही. उसाचे तसे नाही. ऊस तोडल्या क्षणापासून त्यातली साखर घटू लागते.

उसातली साखर म्हणजे सुक्रोज. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांचा एकेक रेणू जोडला जाऊन सुक्रोजचा रेणू बनतो. तोडलेल्या उसातले इन्व्हर्टेज नावाचे विकर हा जोड तोडू लागते. सुटे झालेले ग्लुकोज आणि फ्रुक्टोज गोडच असतात, पण कारखान्यात त्यांचे स्फटिक होत नाहीत. ते मळीत जातात आणि आपल्याबरोबर थोडे सुक्रोजही नेतात. दुसरीकडे, तोडलेल्या टोकांतून ल्युकोनोस्टॉक जातीचे जिवाणू आत शिरतात आणि सुक्रोजपासून डेक्स्ट्रान नावाचा बुळबुळीत पदार्थ तयार करतात. त्याने रस दाट होतो, गाळणे अवघड जाते आणि साखरेचे दाणे चौकोनी होण्याऐवजी लांबट होतात.

म्हणून तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळला जावा, असा प्रयत्न असतो. पण टोळीने फड तोडला, ट्रॉली वेळेवर आली नाही, यार्डात वाहनांची रांग लागली, किंवा गिरणीत बिघाड झाला, की हे घड्याळ पुढे सरकत राहते. जळालेल्या उसात ते आणखी वेगाने धावते. या सत्रात केवळ रसायनतज्ज्ञ बोलून भागायचे नाही. शेती अधिकारी, तोडणी मुकादम आणि वाहतूकदार यांनाही व्यासपीठावर बोलवावे लागेल, कारण बरीचशी साखर प्रयोगशाळेत पोचण्याआधीच वाटेवर हरवते.

दुसरे सत्र : साखर मोजायची कशी?

रसात विरघळलेल्या एकूण घन पदार्थांच्या शेकडा वजनाला ब्रिक्स म्हणतात. रसात साखरेखेरीज क्षार, आम्ले आणि इतर पदार्थही असतात. ब्रिक्समध्ये ते सगळे आले. त्यातले सुक्रोज किती, हे पाहण्यासाठी ध्रुवित प्रकाश वापरतात. सुक्रोजच्या द्रावणातून असा प्रकाश गेला की त्याची कंपनपातळी उजवीकडे वळते. जितके सुक्रोज जास्त तितके वळण जास्त. या मापनाने आलेल्या आकड्याला पोल म्हणतात. पोलला ब्रिक्सने भागून शंभराने गुणले की रसाची शुद्धता मिळते.

सुक्रोज ही पातळी उजवीकडे वळवते. ग्लुकोजही उजवीकडेच, पण कमी. फ्रुक्टोज मात्र डावीकडे, आणि जोरात. त्यामुळे सुक्रोज पूर्ण फुटले की मिश्रणाचे एकूण वळण उजवीकडून डावीकडे जाते. या उलट्या वळणावरूनच या क्रियेला 'इन्व्हर्शन' म्हणजे उलटणे हे नाव पडले.

आता गंमत पाहा. शिळ्या उसातले डेक्स्ट्रान ही पातळी सुक्रोजच्या जवळजवळ तिप्पट उजवीकडे वळवते. म्हणजे ज्या रसातली साखर खरोखर कमी झाली, त्याचाच पोल थोडा जास्त दिसू शकतो! प्रयोगशाळा म्हणते, साखर आली. पोती मोजताना ती सापडत नाही. उपकरण आपण विचारले त्याच प्रश्नाचे उत्तर देते. त्याला 'पातळी किती वळली?' एवढेच विचारलेले असते, 'सुक्रोज किती?' असे नाही. विज्ञानाच्या कोणत्याही शिक्षकाने वर्गात सांगावे असे हे उदाहरण आहे.

तिसरे सत्र : ताळेबंद

परिषदेचा गाभा हाच. समजा, उसाच्या शंभर भागांत साखरेचे १३ भाग आहेत. त्यातले ०.६ भाग चिपाडाबरोबर बॉयलरमध्ये जळतात, ०.१ भाग गाळणीवरच्या चिखलात जातो आणि १.१ भाग मळीत राहतो. पोत्यांत ११.१ भाग येतात. बेरीज १२.९ होते. मग ०.१ भाग गेला कुठे?

या हिशेबात न सापडणाऱ्या भागाला 'अनिर्धारित तोटा' म्हणतात. तो गळती असेल, उकळताना झालेले विघटन असेल, की मापनातली चूक असेल, हे शोधणे ही खरी कसोटी. रस फार आम्लयुक्त राहिला तर उष्णतेने सुक्रोज फुटते. चुना जास्त पडला तर ग्लुकोज-फ्रुक्टोज जळून रस काळा पडतो. म्हणून चुना आणि गंधकाचा धूर देऊन रसाचा पी.एच. सातच्या आसपास राखतात. उष्णतेचा मारा कमी करण्यासाठी निर्वात भांड्यात पाक शंभराऐवजी साठ-सत्तर अंश सेल्सियसलाच उकळतात. एका भांड्यातल्या वाफेने कमी दाबाचे पुढचे भांडे उकळवायचे, ही इंधन वाचवणारी युक्ती अमेरिकेतल्या नॉर्बर्ट रिलिए या अभियंत्याने १८४० च्या दशकात साखरेसाठीच काढली. पुढे ती दुधाची भुकटी आणि मीठ बनवणाऱ्यांनीही घेतली.

एक दशांश टक्का ऐकायला क्षुल्लक वाटतो. हंगामात १० लाख टन ऊस गाळणाऱ्या कारखान्यात तो १,००० टन साखर, म्हणजे पन्नास किलोंची २०,००० पोती होतो. २०१९ मध्ये ठरलेल्या किलोला ३१ रुपये या किमान विक्रीदराने त्याची किंमत ३ कोटी १० लाख रुपये येते.

आणि हा आकडा फक्त कारखान्याचा नाही. उसाचा रास्त व किफायतशीर दर साखर उताऱ्याला बांधलेला आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये दर ठरला आणि त्यावरच्या दर ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे वाढ. एकरी ४० टन ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याला एका दशांशाने एकरामागे १,३८४ रुपयांचा फरक पडतो. प्रयोगशाळेतल्या नळीतून दिसणारा तो वळणाचा कोन असा कुणाच्या तरी घरातल्या फीपर्यंत आणि खताच्या उधारीपर्यंत पोचतो. म्हणूनच मोजमाप अचूक असले पाहिजे, आणि ते शेतकऱ्याला समजलेही पाहिजे.

अलीकडे यात आणखी एक गुंता आला आहे. पूर्वी पाकातून निघेल तेवढी साखर काढून उरलेल्या मळीपासून मद्यार्क करत. आता साखर शिल्लक असलेल्या मळीपासून किंवा थेट रसापासूनही पेट्रोलमध्ये मिसळायचे इथेनॉल करतात. अशा वेळी पोत्यांतली साखर घटते, पण उसातली घटलेली नसते. तेव्हा इथेनॉलकडे वळवलेली साखर हिशेबात धरूनच उतारा काढावा लागतो. ही आकडेमोड सोप्या भाषेत मांडणारा एक तास शेतकऱ्यांसाठी राखून ठेवावा, असे आम्हांला वाटते.

परिषद कोल्हापुरात असल्याने पाहुण्यांना गुऱ्हाळही दाखवावे. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. काहिलीतल्या रसात भेंडीचा चिकट रस घालून मळी वर काढणारा गुळव्या आणि कारखान्यातला रसशुद्धी विभाग एकच काम करतात. गुळव्याचा तापमापक म्हणजे पाण्यात टाकलेल्या पाकाची गोळी.

वर्गात करून पाहा

१. ब्रिक्स : शरबताच्या नळीचे एक टोक माती लावून बंद करा, आत बारीक छर्रे टाका. ९० ग्रॅम पाण्यात १० ग्रॅम, ८० ग्रॅम पाण्यात २० ग्रॅम अशी साखरेची द्रावणे करून नळी कुठवर बुडते त्याच्या खुणा करा. मग रसवंतीतला गाळलेला रस घेऊन त्याचा ब्रिक्स काढा.

२. पोल : १०० मिलिलीटर द्रावणात ५० ग्रॅम साखर असा पाक सपाट तळाच्या काचेच्या पेल्यात १० सेंटिमीटर उंचीपर्यंत भरा. खाली विजेरी, तिच्यावर पिवळा जिलेटिन कागद आणि ध्रुवक चष्म्याची एक काच. पेल्यावर दुसरी काच. वरची काच फिरवून प्रकाश सर्वांत मंद कधी होतो ते आधी साध्या पाण्याने आणि मग पाकाने पाहा. सुमारे ३३ अंशांचा फरक यायला हवा.

३. शिळा रस : ताज्या आणि रात्रभर झाकून ठेवलेल्या रसाचे सारखे थेंब पातळ करून बेनेडिक्ट द्रावणाबरोबर गरम करा. ताज्या रसातही थोडा रंग येतो. शिळ्या रसात विटकरी रंग किती वाढतो ते मुलांना लिहू द्या. हा रस कुणी पिऊ नये.

यानंतर जवळच्या कारखान्याचा रोजचा साखर उतारा हंगामभर मिळवून आलेख काढावा. सुरुवातीला तो कमी असतो आणि थंडीत ऊस पक्व होत जातो तसा वाढतो. आलेखात मध्येच खड्डा दिसला तर त्या दिवशी काय झाले होते, पाऊस, बिघाड की तोडणी बंद, हे मुलांनी कारखान्यात जाऊन विचारावे. वर्धापन परिषदेच्या कार्यक्रमात विद्यार्थ्यांसाठी अर्धा तास ठेवला, तर हेच आलेख तिथे भिंतीवर लावता येतील, आणि तंत्रज्ञांना त्यांतल्या खड्ड्यांची कारणे सांगावी लागतील.