कॅन्सरचा डॉक्टर आपल्या पाड्यावरचा का नसतो? वाट नेमकी कुठे अडते?

नाशिक : कॅन्सरच्या पेशंटला 'लाईट' द्यायची ठरली की घरच्यांना पहिला घोर लागतो तो मुक्कामाचा. तोंडाच्या किंवा गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरमध्ये ही लाईट, म्हणजे किरणोपचार, बहुतेकदा सोमवार ते शुक्रवार रोज, असे पाच ते सात आठवडे चालतात. एका वेळेला काही मिनिटंच लागतात, पण खंड पडून चालत नाही. मध्ये सुट्टी झाली तर उरलेल्या कॅन्सरच्या पेशी पुन्हा वाढू लागतात आणि आधीच्या उपचाराचा उपयोग कमी होतो. सुरगाण्याहून नाशिक सुमारे ९० किलोमीटर. त्यात द्राक्षाच्या कामाला दिंडोरी-निफाडला उतरलेल्या माणसाने दीड महिना मजुरी सोडायची कशी?

असा पेशंट तिसऱ्या आठवड्यात घरी निघून गेला, की कागदावर उरतं 'उपचार अर्धवट सोडले'. का सोडले, हे त्याच्या कोकणा किंवा वारली बोलीत विचारणारा डॉक्टर तिथे क्वचितच असतो. २०११ च्या जनगणनेनुसार नाशिक जिल्ह्यात शंभरातले २५ पेक्षा जास्त लोक आदिवासी आहेत. कॅन्सरच्या ओपीडीत डॉक्टरच्या खुर्चीवर त्यातले किती दिसतात, हे जो जाऊन आला त्याला ठाऊक आहे.

मग आरक्षण असून अडतं कुठे?

एमबीबीएसला आरक्षण आहे, पुढे एमडी-एमएसलाही आहे. पण कॅन्सरची औषधं देणारा डॉक्टर व्हायचं तर डीएम आणि कॅन्सरचा सर्जन व्हायचं तर एमसीएच करावं लागतं. या सुपरस्पेशालिटीच्या प्रवेशाला जातीनिहाय आरक्षण नाही. शिवाय एमडी-एमएसनंतर आणखी तीन वर्षं. घरी कर्ज असेल तर पोरगं तिथेच थांबतं.

तिसरी वाट मात्र जवळची आहे आणि नेमकी तीच कुणी सांगत नाही. लाईट देणारा डॉक्टर होण्यासाठी एमबीबीएसनंतर नीट-पीजी द्यायची आणि थेट तीन वर्षांचं 'एमडी रेडिएशन ऑन्कॉलॉजी' करायचं. जुनं नाव रेडिओथेरपी. इथे आरक्षण लागू आहे, आणि सरकारी कॉलेजात शिकताना महिन्याला विद्यावेतनही मिळतं. नावावरून पुष्कळांचा गोंधळ होतो. एक्स-रे, सोनोग्राफी बघणारी शाखा रेडिओलॉजी, ती वेगळी. तिच्यामागे मोठी गर्दी असते.

आईबापांच्या मनात एक भीती असते की लाईटच्या खात्यात काम केलं तर डॉक्टरलाच आजार होईल. मशीन जाड भिंतींच्या खोलीत असतं आणि चालू करताना आत फक्त पेशंट असतो. तिथे काम करणाऱ्यांच्या अंगावर बिल्ला असतो, त्यावर किती किरणं लागली त्याची नोंद होते आणि ती नियमाने तपासली जाते.

हे सगळं ज्यांच्या घरात आधी डॉक्टर आहे त्यांना जेवताना कळतं. आपल्या पोराला ते सांगणारा कोणी हवा, आणि नुसता सांगणारा नाही, पाठीशी उभा राहणारा. जळगावच्या तडवी भिल्ल समाजातल्या डॉ. पायल तडवी मुंबईच्या नायर रुग्णालयात पदव्युत्तर शिक्षण घेत होत्या. मे २०१९ मध्ये त्यांनी जीव दिला. वरिष्ठ डॉक्टरांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप कुटुंबाने केला, प्रकरण न्यायालयात आहे. सीट मिळाल्यानंतरही पोर एकटी पडू शकते, हे त्यावरून सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं.

याच्या उलट उदाहरणही आपल्याकडेच आहे. पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी २०१५ मध्ये 'लिफ्ट फॉर अपलिफ्टमेंट' सुरू केलं. स्वतः डॉक्टरकी शिकणारी ही मुलं गरीब घरच्या पोरांची नीटची तयारी फुकट करून घेतात. 'उलगुलान' नावाने मेळघाट, गडचिरोलीच्या आदिवासी मुलांसाठीही त्यांनी वर्ग चालवले. कालचा विद्यार्थी आजच्याचा सिनियर होतो, एवढीच त्यातली युक्ती.

हीच युक्ती कॅन्सरच्या शाखेपर्यंत न्यायला हवी. अमेरिकेत शंभरातले तेराएक लोक कृष्णवर्णीय, पण लाईट देणाऱ्या डॉक्टरांत ते शंभरात तीन-चारच. म्हणून तिथल्या 'ॲस्ट्रो' या डॉक्टरांच्या संघटनेने मेडिकलच्या अशा विद्यार्थ्यांना उन्हाळ्यात काही आठवडे या खात्यातल्या अनुभवी डॉक्टरच्या हाताखाली ठेवण्याची फेलोशिप काढली. आधी काम बघू दे, मग शाखा निवडू दे, असा हिशेब.

आपल्याकडे त्यासाठी वेगळी योजना येईपर्यंत थांबायची गरज नाही, असं आमचं मत. एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात आता ऐच्छिक विषयाचे काही आठवडे असतात. कॉलेजात सोय असेल तर पोराने ते रेडिओथेरपी खात्यात मागावेत, आणि तिथल्या एका तरी शिक्षकाचा नंबर घेऊन ठेवावा. नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. आदिवासी भागातल्या प्रत्येक मेडिकल विद्यार्थ्याला एक सिनियर नेमून द्या, अशी मागणी विद्यापीठाकडे करायला गावच्या लोकप्रतिनिधींना काय हरकत आहे?

आणि ज्यांचं पोर अजून अकरावी सायन्सला आहे त्यांनी जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज आत्ताच टाकावा. नीटचा निकाल लागल्यावर धावपळ केली तर त्या कागदापायी हातची सीट जाऊ शकते.