पिकअपमध्ये कॉम्प्रेसर कुठे बसवायचा?

जैसलमेरच्या वाळूत गाडी रुतू नये म्हणून आपण टायरची हवा कमी करतो. डांबरी रस्त्यावर ती परत भरावीच लागते. कमी हवेचा टायर वेगात तापून फुटू शकतो. तेव्हा कॉम्प्रेसर ऐनवेळी दगा देणार नाही, अशी जागा त्याला हवी. हौद्याखाली चिखल-पाणी उडतं. बंद पेटीत बसवला तर उष्णता कोंडते, कारण हवा दाबली की तापतेच. म्हणून आपण बॉनेटखाली, पण एक्झॉस्टपासून लांब, उंचावर, बॅटरीजवळ जागा शोधू. वायर आखूड राहते, व्होल्टेज फारसं पडत नाही. फ्यूज बॅटरीलगतच घेऊ. हवा ओढणारी नळी, फिल्टरसकट, कोरड्या आणि थंड जागी नेऊ. भोकं पाडण्याआधी बॉनेट लावून बघायचं, कुठे घासत तर नाही ना!