सुरतेचे बंदिस्त क्रीडागृह

सुरतेचे नाव निघाले की महाराष्ट्रीय मनाला प्रथम शिवछत्रपतींच्या १६६४ आणि १६७० च्या स्वाऱ्या आठवतात, आणि त्यांच्या पाठोपाठ डिसेंबर १९०७ चे राष्ट्रीय सभेचे ते अधिवेशन आठवते, ज्यात तापीकाठच्या फ्रेंच गार्डनमधील मंडपात लोकमान्य टिळक व्यासपीठावर उभे असतानाच जोडा भिरकावला गेला आणि जहाल व मवाळ यांची ताटातूट झाली. हजारोंचा समुदाय एकत्र बसवायचा तर कापडी मंडपाखेरीज तेव्हा या शहराला गत्यंतर नव्हते. १८५२ पासून नगरपालिकेचा कारभार चालविणाऱ्या या धनाढ्य व्यापारपेठेत एवढ्या समुदायाला पुरेल असे पक्के, बंदिस्त सभास्थान उभे राहण्यास त्यानंतर कित्येक दशके जावी लागली.

अठवालाइन्स भागातील पंडित दीनदयाळ उपाध्याय इनडोअर स्टेडियम हे ते स्थान होय. महानगरपालिकेच्या मालकीच्या या वातानुकूलित वास्तूत सुमारे सात हजार प्रेक्षक बसतात, आणि खेळांबरोबरच सभा-समारंभांसाठीही तिचा उपयोग होतो. तथापि तिची खरी योग्यता कळावयाची असेल तर दृष्टी मधल्या जमिनीकडे वळवावी. टेबल टेनिसचा चेंडू ४० मिलिमीटर व्यासाचा आणि अवघ्या २.७ ग्रॅम वजनाचा. बॅडमिंटनचे सोळा पिसांचे फूल साडेपाच ग्रॅमांहून अधिक भरत नाही. समुद्र जवळ असलेल्या या शहरात उघड्यावर असे खेळ मांडणे म्हणजे निकाल वाऱ्याच्या स्वाधीन करणे होय. छताखालीही यंत्राच्या थंड हवेचा झोत असतोच, आणि म्हणून बॅडमिंटनपटू सामन्यापूर्वी दोन्ही बाजूंनी फुले मारून, ती कोणीकडे वाहतात याचा अदमास घेतात. टेबल टेनिसचा पंच तर खेळ सुरू होण्यापूर्वी लहानशी मापपट्टी जाळीशी टेकवून तिची १५.२५ सेंटिमीटरची उंची पडताळतो आणि तसूभर फरक दिसला तरी खिळी पिळून जाळी ताणतो. एवढ्या सूक्ष्म शिस्तीला पक्के छत हवेच, हे निराळे सांगावयास नको.

अशा वास्तूचा खर्च भागविण्यासाठी समारंभांचे भाडे आवश्यक असते, याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु तारखांची वाटणी करताना पहिला हक्क खेळाडूंचा मानला जावा, असे मला मनापासून वाटते. भुसावळकडून तापीच्या खोऱ्यातून येणाऱ्या रेल्वेने पिढ्यान्‌पिढ्या खानदेशी कुटुंबे येथील यंत्रमागांवर पोटापाण्यासाठी आली आणि लिंबायत, उधना, पांडेसरा या वस्त्यांत स्थिरावली. त्यांच्या मुलांना कबड्डी मातीत खेळता येते. पण तिची तेरा बाय दहा मीटरची मॅट पावसाळ्यातही अंथरता येईल अशी जागा घराजवळ कोठून मिळणार? ती सोय सार्वजनिक द्रव्यातून उभारलेल्या वास्तूनेच करावयाची.

सुरतेची टेबल टेनिसमधील कीर्ती मात्र आज देशभर आहे. हरमीत देसाई आणि मानव ठक्कर हे दोघेही याच शहराचे. २०१५ च्या डिसेंबरात राष्ट्रकुल टेबल टेनिस स्पर्धा सुरतेत झाली, आणि २०२२ मध्ये छत्तिसाव्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धेचे यजमानपद गुजरातेने जेमतेम तीन महिन्यांच्या मुदतीत पत्करले, तेव्हा चेंगडू येथील जागतिक सांघिक स्पर्धेशी तारखा भिडू नयेत म्हणून टेबल टेनिसचे सामने उद्‌घाटनाच्याही आधी, २० सप्टेंबरपासून, या क्रीडागृहात सुरू झाले. पुरुषांचे सांघिक सुवर्णपदक गुजरातने जिंकले, आणि एकेरीचे हरमीतने, आपल्याच गावच्या लोकांसमोर. अहमदाबादेत २९ सप्टेंबरला रीतसर उद्‌घाटन झाले त्यापूर्वीच येथील टेबले उचलली गेली होती. ऑक्टोबर उजाडताच त्याच जमिनीवर बॅडमिंटनचे सामने सुरू झाले, आणि महिला एकेरीच्या अंतिम सामन्यात छत्तीसगडच्या आकर्षी कश्यपने नागपूरच्या मालविका बनसोडला हरविले.