नरक्याची साल आणि कायद्याची दोन मापे

सह्याद्रीच्या जंगलात नरक्या नावाचे एक लहानसे झाड आहे. फुलांना दुर्गंधी, म्हणून त्याच्या वाटेला फारसे कोणी जात नसे. १९६६ मध्ये अमेरिकेत मन्रो वॉल आणि मूळचे नंदुरबारचे मनसुख वाणी या शास्त्रज्ञांनी एका चिनी झाडातील कॅम्पटोथेसिन या द्रव्याचा शोध जाहीर केला. १९७२ मध्ये तेच द्रव्य नरक्यात सापडले. त्यापासून निघालेली औषधे आज कर्करोगावर दिली जातात. रुग्णांना आधार मिळाला हे चांगलेच झाले. पण मागणी वाढली आणि नरक्यावर कुऱ्हाड पडली. मुळासकट उपटलेले झाड पुन्हा फुटत नाही.

हे झाड तोडतो कोण? दिवसाच्या मजुरीसाठी रान तुडवणारा भूमिहीन माणूस. मोळी त्याच्या डोक्यावर, नफा दुसऱ्याच्या तिजोरीत! राखीव जंगलात झाडाची साल काढली, तर १९२७ च्या भारतीय वन कायद्याच्या कलम २६ खाली आजही तुरुंगवास आहे. आणि परवानगीशिवाय, गावाला वाटा न देता हीच संपत्ती नेणाऱ्या कंपनीला? २००२ च्या जैवविविधता कायद्यातील तुरुंगवास २०२३ च्या दुरुस्तीने काढून टाकला. आता फक्त दंड! मजुराला गज आणि कंपनीला पावती, ही कुठली समता?

सम्राट अशोकाने दुसऱ्या शिलालेखात कोरून ठेवले आहे की, माणसांना व जनावरांना उपयोगी औषधी वनस्पती जिथे नव्हत्या तिथे आणून लावल्या. अशोकचक्र मिरवणाऱ्या राज्याने निदान आहेत त्या तरी राखाव्यात. ते मजुरांवर खटले भरून होणार नाही.

हत्यार आपल्या हाती आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला जंगल राखण्याचा अधिकार दिला. तो आदिवासींबरोबरच तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, जंगलावर जगणाऱ्या इतरांसाठीही आहे. जैवविविधता कायद्याने गावोगाव व्यवस्थापन समिती व लोक नोंदवही सांगितली आहे. व्यापारासाठी वनस्पती नेणाऱ्यांकडून ही समिती शुल्क घेऊ शकते. त्या पैशातून नरक्याची रोपवाटिका उभी राहील आणि कालच्या तोडणाऱ्यालाच राखणीचा रोजगार मिळेल.

तेव्हा कार्यकर्त्यांनो, येत्या ग्रामसभेत उभे राहून विचारा : आपली नोंदवही कुठे आहे? तिच्यात नरक्या आहे काय? समितीत आपल्या वस्तीचा माणूस आहे काय? उत्तर लेखी मागा. कागदावरचा हक्क मागितल्याशिवाय पदरात पडत नाही.

जय भीम!