शेडगे, कमल : कृष्णधवल अक्षरांकन

शेडगे, कमल : (२२ जून १९३५–४ जुलै २०२०). मराठी अक्षरांकनकार. नाटके, ग्रंथ व नियतकालिके यांच्या शीर्षकांना केवळ काळी शाई आणि कोरा कागद यांच्या बळावर स्वतंत्र चेहरा देण्याबद्दल प्रसिद्ध. मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडिया प्रकाशनसमूहाच्या कलाविभागात त्यांनी दीर्घकाळ काम केले.

या कृष्णधवल पद्धतीचे मूळ तत्कालीन वृत्तपत्रमुद्रणात आहे. रेखाटलेली अक्षरे छापण्यासाठी जस्ताच्या पत्र्यावर कोरलेला ‘लाइन ब्लॉक’ वापरीत. त्यात काळे वा पांढरे एवढेच उमटे. करड्या छटेसाठी ठिपक्यांचा ‘हाफटोन ब्लॉक’ लागे. परंतु वृत्तपत्राच्या खरबरीत कागदावर ठिपके एकमेकांत मिसळत. शाई पसरली, की अक्षराच्या पोटातील मोकळी जागा बुजे. रेषा फार बारीक असली, तर ती तुटे. जाहिरातीचे मूल्य रकान्यातील जागेवरून ठरे. त्यामुळे नाट्यसंस्थेला दोन-चार बोटांच्या जागेतच आपल्या नाटकाचे नाव गर्दीतून उठून दिसेल, असे करावे लागे. प्रेक्षक येणार की नाही, हे पुष्कळदा तेवढ्या जागेवर अवलंबून असे.

नाशिकनिवासी नाटककार वसंत कानेटकर यांच्या दोन नाटकांची शेडगे यांनी केलेली शीर्षके या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ (१९६२) या नावात अकरा अक्षरे असून त्यांत पाच काने व तीन मात्रा आहेत. उभ्या दंडांची ही रांग छापखान्यातील खिळ्यांनी जुळविली, तर कुंपणासारखी एकसुरी दिसते. ‘मत्स्यगंधा’ (१९६४) या नावाची अडचण उलट आहे. अक्षरे चारच, पण ‘त्स्य’ हे जोडाक्षर जागा व्यापते आणि अनुस्वार शिरोरेखेवर एकटा पडतो. कोणता दंड जाड करावा, शिरोरेखा कोठे तोडावी, किती पांढरे राखावे, हे नाटकाची प्रकृती ओळखूनच ठरवावे लागते. खिळ्यांना ते साधत नाही.

या कामाला सर्रास सुलेखन म्हटले जाते. ते नेमके नव्हे. सुलेखनात बोरू वा कुंचल्याच्या एका ओघात अक्षर उतरते. अक्षरांकनात ते बेतून, रेखाटून, दुरुस्त करून सिद्ध होते. र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांचा ‘मंगल’ हा संगणकीय टंक कोणत्याही मजकुराला चालतो. अक्षरांकनातील ‘ग’ मात्र त्या एका नावापुरताच असतो. रंगीत फलकांसाठीही अक्षराचा मूळ आराखडा काळ्या शाईतच करण्याचा प्रघात होता.

‘चित्राक्षरं’, ‘कमलाक्षरं’ व ‘माझी अक्षरगाथा’ हे शेडगे यांचे ग्रंथ होत. मुंबई येथे त्यांचे निधन झाले.